ड्रोनचा नवा खेळ : बॅडमिंटनच्या कोर्टावर उडत्या आट्यापाट्या

कपाळपाटी (धागाकर्ता)

ड्रोनच्या शर्यती आता जगभर होतात. 2016 मध्ये दुबईला मोठी स्पर्धा झाली. ल्यूक बॅनिस्टर हा 15 वर्षांचा ब्रिटिश मुलगा ती जिंकला आणि त्याच्या संघाला अडीच लाख डॉलर मिळाले. तेव्हापासून ड्रोनचा खेळ म्हटलं की शर्यतच डोळ्यांसमोर येते. मला शर्यत आवडते, पण बघायला बसलं की काही कळत नाही. उडवणारे ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारे गॉगल डोळ्यांवर चढवून खुर्चीत बसलेले असतात आणि समोरून काहीतरी कर्कश आवाज करत निघून जातं. पुढे कोण, मागे कोण, हे पडद्यावर लिहून आलं तरच समजतं.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. 2023 मध्ये झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी एक स्वयंचलित ड्रोन तयार केला आणि त्याने शर्यतीतल्या विजेत्या खेळाडूंना त्यांच्याच मार्गावर हरवलं. शर्यतीत प्रतिस्पर्धी असला तरी खरी लढत वेळेशी असते. मार्ग ठरलेला, वळणं ठरलेली. अशा ठिकाणी यंत्र पुढे जाणारच.

आपल्या मैदानी खेळांचा जीव कशात आहे? हुलकावणीत. खो-खोत पळणारा खांद्याने एक सांगतो आणि पायाने दुसरंच करतो. आट्यापाट्यांमध्ये तर हुलकावणीशिवाय दुसरं काही नसतंच. पाटी म्हणजे मैदानावर आखलेली आडवी पट्टी. ती अडवणारा पाटीवाला तिच्यातून बाहेर येऊ शकत नाही, फक्त आडवा सरकू शकतो. समोरच्याला त्याला चकवून पलीकडे जायचं असतं. पाटीवाल्यांचाच एक साथी, सूर, मधली उभी सूरपाटी धरून फिरतो आणि कोंडी करतो. पाटीवाल्याला फक्त आडवं जाण्याची मुभा, सूराला उभंही. एवढ्या साध्या बंधनावर अख्खा खेळ उभा आहे.

हाच सांगाडा ड्रोनना द्यावा असं माझ्या मनात आहे.

मैदान शोधताना बॅडमिंटन कोर्टाची मापं काढली आणि खरंच आनंद झाला. नेट काढून ठेवा. नेटच्या दोन्ही बाजूंच्या शॉर्ट सर्व्हिस लाइन नेटपासून 1.98 मीटरवर, म्हणजे एकमेकींपासून 3.96 मीटरवर. डबल्सची लाँग सर्व्हिस लाइन नेटपासून 5.94 मीटरवर. वजाबाकी करा, पुन्हा 3.96. म्हणजे कोर्टावर चार आडव्या रेघा अगदी समान अंतरावर आधीच मारलेल्या आहेत. चार पाट्या तयार! शिवाय मधली रेघही दोन्ही बाजूंना आहे. नेटखालचा मोकळा तुकडा टेपने जोडला की सूरपाटी झाली. बॅडमिंटनच्या आधुनिक खेळाचे सुरुवातीचे नियम 1870 च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीत घडले आणि त्या खेळाला तेव्हा ‘पूना’च म्हणत. त्याच कोर्टावर आणखी एक खेळ घडावा ही इच्छा त्यामुळे जास्तच तीव्र झाली.

चार पाटीवाले, एक सूर, पाच चढाई करणारे. सगळे ड्रोन तळहाताएवढे, पंख्यांभोवती कड असलेले, म्हणजे ज्यांना व्हूप म्हणतात ते. गॉगल नाही, कॅमेरा नाही. उघड्या डोळ्यांनी उडवायचं, म्हणजे खेळणारा जे बघतो तेच प्रेक्षकही बघतो. डाव 3 मिनिटांचा, कारण एवढ्याशा बॅटरीवर त्यापुढे भरवसा ठेवता येत नाही. ओलांडलेल्या प्रत्येक पाटीला एक गुण. लोणपाटी, म्हणजे शेवटची पाटी, ओलांडून परत कपाळपाटीबाहेर, म्हणजे पहिल्या पाटीबाहेर, आला तर जादा गुण.

अडलंय ते इथे : ‘बाद’ कसं ठरवायचं? आणि हवेत उंचीही असते, तिचं काय करायचं? जाणकारांनी लिहावं.

भिंगरी75

विषय एकदम जवळचा. मी व्हूप बनवते आणि उडवते. कल्पना आवडली, पण दोन-तीन गोष्टी आत्ताच सांगते.

कोर्टाची रुंदी 6.10 मीटर. उंची 3 मीटर धरली तर एका पाटीवाल्याला 18 चौरस मीटरची भिंत अडवायची आहे, तीही तळहाताएवढ्या ड्रोनने. अशक्य. चढाई करणारा वरून सहज निघून जाईल आणि हुलकावणीची गरजच उरणार नाही. रुंदी सिंगल्सची घ्या, 5.18 मीटर. उंची बॅडमिंटनच्या खांबाएवढी, 1.55 मीटर. खांब हॉलमध्ये असतातच. त्यांना धरून दोन्ही बाजूंनी लांबीभर रंगीत दोरी बांधा. पंच बाजूला बसून दोन दोऱ्या एका रेषेत बघेल, वर गेला की लगेच दिसेल. भिंत 8 चौरस मीटरवर येते. दीड मीटरवरून पडलेला व्हूप सहसा मोडत नाही, हा वरचा फायदा.

आता बसायचं कुठे. गॉगलशिवाय उडवताना सगळ्यात मोठी अडचण ही की ड्रोनचं नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. भले भले तिथे गडबडतात. दुसरी अडचण खोलीची. कोर्टाच्या टोकाला उभं राहून 10 मीटरवरच्या ड्रोनने रेघ ओलांडली की नाही, हे डोळ्याला कळत नाही. म्हणून चढाई करणाऱ्यांनी लांब बाजूला बसावं, ड्रोनचं नाक कायम समोरच्या बाजूकडे ठेवावं आणि ते वळवूच नये. पुढच्या पाटीकडे जायचं तर स्टिक उजवीकडे, परत यायचं तर डावीकडे. उलटं कधीच होणार नाही. पाटीवाल्यांनी समोरच्या लांब बाजूला, आपापल्या रेघेच्या टोकाशी बसावं. रेघ त्यांच्यापासून सरळ लांब जाते, त्यामुळे ‘मी रेघेवर आहे का’ हे त्यांना नेमकं दिसतं, आणि त्यांना सांभाळायचंही तेवढंच आहे.

कॅमेरा काढलात हे फार बरं केलंत. व्हिडिओचे चॅनल जेमतेम आठ जणांना पुरतात, तेही एकमेकांत घुसतात. नुसत्या रिमोटच्या 2.4 गिगाहर्ट्झवर दहा जण निवांत उडतील.

पीटीमास्तर

धागा वाचून फार बरं वाटलं. मी शाळेत खेळशिक्षक होतो, आता निवृत्त. विदर्भात आट्यापाट्या आजही खेळल्या जातात, मुलीसुद्धा उत्तम खेळतात.

खेळाच्या आतलं थोडं सांगतो, कारण कागदावर ते येत नाही. पाटीवाला समोरच्याच्या मागे धावत सुटला तर हरला. चांगला पाटीवाला अर्धा मोकळा रस्ता मुद्दाम दाखवतो. समोरच्याला तिकडे ओढतो आणि मग आडवा होतो. आणि एकटा पाटीवाला कधीच पुरत नाही. त्याचं आणि सूराचं जमलं पाहिजे. सूर मधली रेघ धरून आला की मैदानाचे उभे दोन भाग होतात, समोरचा एका चौकोनात अडकतो, पुढे पाटीवाला, मागे पाटीवाला, बाजूला सूर. याला कोंडी म्हणतात. ती फोडायला दोघांनी एकदम दोन टोकांनी जावं लागतं.

म्हणून तुमच्या खेळात चढाई एकेकाने करायची नाही. पाचही जण एकदम आत हवेत. आणि तुमचा सर्वांत हुशार खेळाडू सूर. हे दोन मुद्दे सोडले तर नाव आट्यापाट्यांचं राहील आणि खेळ पकडापकडीचा होईल.

अनुस्वार

कायद्याचं थोडं. ड्रोन नियम 2021 हे 25 ऑगस्ट 2021 रोजी अधिसूचित झाले. 250 ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’ वर्गात येतात आणि ते उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. व्हूप 30-40 ग्रॅमचे असतात, म्हणजे त्या मर्यादेच्या खूपच आत. तरी उघड्या मैदानावर न्यायचं असेल तर डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे, ते आधी बघा. मुंबईत पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वरचेवर निघत असतात. त्यात छोटा-मोठा असा भेद गृहीत धरू नका, स्थानिक ठाण्यात विचारा. बंद हॉल निवडलात हे सगळ्यात शहाणपणाचं.

खरेदीचं : 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुट्या भागांवर नाही. बाहेरून येणाऱ्या मित्राला ‘एक घेऊन ये’ म्हणू नका. भाग मागवून इथे जोडा.

दूरदेशी

मी कामानिमित्त दक्षिण कोरियात असतो. इथल्या जेओन्जू शहराने ड्रोनचा फुटबॉल घडवला आणि तो आता जगभर पसरतोय, म्हणून त्याबद्दल लिहितो.

ड्रोन गोल जाळीदार पिंजऱ्यात असतो, पिंजऱ्याचा व्यास 40 सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना पाच-पाच. गोल म्हणजे उंचावर टांगलेली कडी. संघात एकच गोल करणारा असतो, त्याला खूण लावलेली असते. त्याने कडीतून आरपार जायचं, बाकीच्यांनी त्याला वाट करून द्यायची किंवा समोरच्याची वाट अडवायची. 3-3 मिनिटांचे तीन डाव. मैदानाला चहूबाजूंनी जाळी. जागतिक हवाई क्रीडा महासंघाने, म्हणजे एफएआयने, या खेळाला आपल्या वर्गांत जागा दिली आहे.

बघताना मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे की धडक हा तिथे अपघात धरला जात नाही. धडक हाच खेळ आहे. पिंजरे एकमेकांवर आदळतात, खाली पडतात, लोक ओरडतात. शर्यतीत धडक म्हणजे खेळ संपला. इथे धडकेतून खेळ पुढे सरकतो. आणि गोल करणारा एकच असल्याने नजर कुठे ठेवायची, हे पहिल्यांदा आलेल्या माणसालाही कळतं. तुमच्या खेळात नजर कुठे ठेवायची, याचं उत्तर आधी शोधा. माझ्या मते सूरावर. त्याचा दिवा सगळ्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा ठेवा.

ढील_दे

संक्रांतीला गच्चीवर वाढलेला माणूस आहे, म्हणून सुचतंय. बाद ठरवायला प्रत्येक चढाईच्या ड्रोनला क्रेप कागदाची शेपटी लावा. पाटीवाल्याने ती तोडली की बाद. दोरीने उडवायच्या मॉडेल विमानांच्या लढतीत हेच असतं, एकमेकांच्या मागची कागदी पट्टी कापायची. त्याच्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. तुटलेली शेपटी लांबूनही दिसते, वाद नाही.

भिंगरी75

ढील_दे, दिसायला फार सुंदर दिसेल, पण विमान कायम पुढे जात असतं म्हणून शेपटी मागे राहते. आपला ड्रोन एका जागी थांबतो, मागे येतो, आडवा जातो. शेपटी खाली लोंबेल आणि मागे येताना स्वतःच्याच पंख्यात जाईल. मोटरच्या दांड्याला कागद गुंडाळला की डाव थांबवून चिमट्याने काढत बसावं लागेल. 30 ग्रॅमच्या ड्रोनला शेपटीचं वजनही जाणवतं.

सेन्सरही नकोत. ते आले की खर्च वाढतो, आणि शाळा, मंडळं यांच्या हातातून खेळ निसटतो.

निशिगंध

माझी मुलगी 12 वर्षांची आहे आणि तिला हे खेळायला नक्की आवडेल. पण दहा ड्रोन मांडीच्या उंचीवर, समोर मुलं बसलेली. डोळ्यांचं काय? केसांचं? आणि त्या बॅटऱ्या फुगतात, पेट घेतात, असं वाचलंय. कृपया हे मुद्दे शेवटी ढकलू नका.

भिंगरी75

निशिगंध, अगदी रास्त प्रश्न. व्हूपचे पंखे साधारण 31 मिलिमीटरचे आणि कडेच्या आत असतात. हातावर आदळला तर चटका बसल्यासारखं वाटतं, कापत नाही. डोळ्याला मात्र धोका आहेच. म्हणून दोन गोष्टी सक्तीच्या. सगळ्यांना, पंचांनासुद्धा, प्रयोगशाळेत घालतात तसे पारदर्शक चष्मे. आणि खेळाडू व कोर्ट यांच्यामध्ये मच्छरदाणीच्या कापडाची उभी जाळी. त्यातून स्वच्छ दिसतं आणि 30 ग्रॅमचा ड्रोन तिथेच थांबतो. केस घट्ट बांधलेले. पडलेला ड्रोन उचलायला आत जायचं ते शिट्टी झाल्यावर, सगळे खाली उतरल्यावरच.

बॅटरी एका सेलची, 300 ते 450 एमएएचची. चार्जिंग मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, फरशीवर, पत्र्याच्या डब्यात, शेजारी वाळूची बादली. फुगलेली किंवा दबलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. घरी ठेवताना पूर्ण भरून ठेवू नये, सुमारे 3.8 व्होल्टवर ठेवावी. रात्री चार्जिंगला लावून झोपणं बंद.

काजवा

मी बराच काळ नुसता वाचक होतो. आज लिहितोय.

लहानपणी पोलिओ झाला, मी चाकाच्या खुर्चीवर असतो. शाळेत आट्यापाट्या सुरू झाल्या की मला गुण लिहायला बसवायचे. त्यामुळे मला खेळ पूर्ण कळतो. कुठला पाटीवाला कुठल्या बाजूला कमजोर आहे, सूर कधी उशिरा येणार, हे मी वहीत लिहीत असताना ओळखायचो. खेळता मात्र कधी आला नाही.

म्हणून या धाग्यावर एक मागणी करतो. भिंगरी यांनी सगळ्यांना बसवलं आहे. ते सोयीपुरतं न ठेवता नियमात घाला. दहाही खेळाडू डावभर बसलेले. उभं राहून, चालत जाऊन, वाकून बघून उडवायचं नाही. मग मी आणि शेजारचा धावपटू यांच्यात फरक उरतो तो फक्त खेळातला.

आणि बाद कसं ठरवायचं, त्याचं माझं उत्तर : जमीन. ज्याचा ड्रोन जमिनीला टेकला तो बाद. नुसता स्पर्श झाला आणि सावरला तर खेळ चालू. कोण कुणाला लागला, याचा शोधच घ्यायचा नाही. पाटीवाल्यालाही हाच नियम. तो पडला तर त्याची पाटी तेवढा वेळ उघडी. म्हणजे धडक मारताना दोघांनाही विचार करावा लागेल. आणि कोंडी फोडायला एकाने जाऊन पाटीवाल्याला घेऊन पडायचं, बाकीच्यांनी निघायचं, हाही डाव करता येईल.

पीटीमास्तर

काजवा, तुमच्या नियमाला माझं पूर्ण अनुमोदन. बसण्याच्याही आणि जमिनीच्याही. पाटीवाल्याला घेऊन पडण्याचा जो डाव तुम्ही सांगितलात, तो मूळ आट्यापाट्यांत नाही, कारण तिथे हात लागला की फक्त चढाई करणाराच बाद होतो. इथे तो नव्याने येतो आहे. नव्या खेळाला स्वतःचं काहीतरी हवंच असतं, ते हे आहे.

दूरदेशी

+1. पंचाला एकच गोष्ट बघायची : टेकला की नाही. मुलंही पंच होऊ शकतील.

भिंगरी75

जमिनीच्या नियमात एक भर. आपल्या ड्रोनमध्ये बहुतेक बीटाफ्लाइट हे उड्डाण सांभाळणारं सॉफ्टवेअर असतं आणि त्यात उलटा पडलेला ड्रोन मोटर उलट्या फिरवून सरळ करायची सोय आहे, तिला टर्टल मोड म्हणतात. पाटीवाल्याला ती वापरू द्या, चढाई करणाऱ्याला नाही. पाटीवाला पडला, उलटा झाला, सरळ झाला, पुन्हा उठला. मध्ये जे काही सेकंद जातात तेवढ्यात समोरच्यांनी निघून जायचं. सराव असलेला पाटीवाला लवकर उठेल, तेही कसबच आहे.

कपाळपाटी

मंडळी, गेल्या रविवारी ओळखीच्या एका हॉलमध्ये खेळून पाहिलं. दहा ड्रोन जमले नाहीत. दोन पाट्या, एक सूर, चढाईला तिघे. 1.55 मीटरवर दोऱ्या, मच्छरदाणीची जाळी, सगळे खुर्चीत. काजवा शेजारच्याच तालुक्यातले निघाले, ते आले आणि सूर झाले.

जे दिसलं ते लिहितो. भिंगरीताईंनी सांगितलेली बसण्याची रचना अचूक आहे. कधीच न उडवलेली दोन मुलं तासाभरात पाटीवर टिकायला लागली, कारण त्यांना एका रेघेवर मागेपुढे करण्याखेरीज दुसरं काही करायचं नव्हतं. चढाई त्यापेक्षा बरीच कठीण आहे. म्हणजे नवख्याने पाटीपासून सुरुवात करावी आणि हळूहळू चढाईला यावं, असा चढता क्रम आपोआप मिळतो.

हुलकावणी होते का, ही माझी खरी धास्ती होती. होते, आणि मैदानातल्यापेक्षा वेगळी होते. ड्रोनला डावीकडे जायचं तर आधी डावीकडे कलावं लागतं, आणि तो कल दिसतो. खांद्याच्या हालचालीवरून पळणाऱ्याचा बेत ओळखावा, तसा तो कल ओळखता येतो. मग खोटा कल दाखवून उलट्या बाजूला निघायचं. पाटीवर बसलेल्या मुलीला हे दोनदा फसल्यावर कळलं आणि तिसऱ्यांदा ती फसली नाही. त्या क्षणी हॉलमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात ड्रोनबद्दल काहीही माहीत नसलेला हॉलचा रखवालदारही होता. मला याहून मोठा पुरावा नको.

काजवांच्या सूराबद्दल काय सांगू. ते ड्रोन फार हलवतच नाहीत. समोरच्याला जिथे यायचंय तिथे आधीच जाऊन थांबतात.

एक गोष्ट मात्र आपल्यापैकी कुणी धरली नव्हती. वरच्या ड्रोनच्या पंख्यांचा झोत खालच्याला दाबतो. पाटीवाला समोरच्याच्या बरोबर डोक्यावर जाऊन थांबला की खालचा स्पर्श न होताच जमिनीला टेकतो. हे चालू द्यायचं का? माझं मत चालू द्यावं, कारण ते ड्रोनचं स्वतःचं अस्त्र आहे. पण मग प्रत्येक जण दोरीच्या उंचीलाच चिकटून उडेल, ही भीतीही आहे.

भिंगरी75

चालू द्या. दोरीला चिकटणारा फार वेळ चिकटू शकत नाही, कारण वर सरकला की पंचाची शिट्टी. शिवाय वर बसलेल्याच्या खालून निघणं अवघड असलं तरी त्याच्या बाजूने निघणं सोपं होतं. झोत दाबतो तो बरोबर खाली, हातभर बाजूला सरकलं की जोर ओसरतो. दोघे आले तर एकाने दाब सोसायचा, दुसऱ्याने सुटायचं. मास्तरांची कोंडी उंचीतही होते असं म्हणा.

पीटीमास्तर

माझंही मत चालू ठेवण्याकडे. 1914 च्या सुमारास डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बसवले, त्यानंतरही ते कित्येकदा बदलत गेले. मैदानाचं माप बदललं, वेळ बदलली. खेळून खेळूनच बदलले. या नियमालाही पाच-सहा महिने द्या. फक्त एक करा. प्रत्येक डावात किती जण धडकेने पडले आणि किती झोताने, याची वेगळी नोंद ठेवा. झोताचे जास्त व्हायला लागले तर दोरी थोडी वर घेऊ.

निशिगंध

नोंद मी ठेवते. मुलगी पाटीवर बसणार आहे, म्हणजे मी तिथे असणारच. चष्मे शाळेच्या प्रयोगशाळेतून मिळाले नाहीत तर आम्ही विकत आणू, त्याशिवाय डाव सुरू करायचा नाही.

काजवा

मी नोंदवहीतून सुटलो, निशिगंध, आभार. पुढच्या वेळी चारही पाट्या लावू या. माझ्याकडे दोन व्हूप आहेत, एक ज्याला नाही त्याला देईन. हॉलला उतार नसेल तर कुणीतरी फळी आणा, दाराशी तीन पायऱ्या आहेत.

कपाळपाटी

फळी मी आणतो. चार पाट्यांसाठी अजून तीन ड्रोन आणि दोन रिमोट हवेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी इथेच लिहा. आणि सूरपाटीचा मधला तुकडा जोडायला टेप पिवळी आणा. पांढरी लावली होती, ती कोर्टाच्या रेघांमध्ये वेगळी दिसतच नाही.